पंचविसाचे चोवीस

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५, महाड

सकाळी दूध आणायला गेलो तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हटकले. "सर, सरकारने गेम बंद केले म्हणे. तुमच्या पुतण्याच्या नोकरीचं काय?"

ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर काल राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी आणली, ड्रीम इलेव्हननेही पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. ई-स्पोर्ट्स आणि साध्या करमणुकीचे खेळ यांना मात्र हाच कायदा उत्तेजन देतो. पुतण्या पुण्यातल्या ज्या कंपनीत आहे तिथे मोबाइलवर एकमेकांविरुद्ध खेळायचा बंदुकांचा खेळ बनतो. खेळ फुकट, कमाई पोशाख विकून. हे सगळे दुकानदाराला समजावून सांगितले. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे पैसे लावत नाहीत, नुसता वेळ लावतात."

माझे आयुष्य शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवण्यात गेले, त्यामुळे या खेळांबद्दल मला मुळीच प्रेम नाही. संध्याकाळी कबड्डीला सात खेळाडू जमवताना नाकी नऊ येतात ते यांच्यामुळेच. पण पुतण्या म्हणतो की त्याचे काम माझ्याच कामासारखे आहे, नियम करायचे आणि मोडायचे. परवा येतोय. बघू काय ते.


सोमवार, २५ ऑगस्ट, महाड

ताम्हिणीमार्गे एसटीने दुपारी आला. जेवण झाल्यावर मी विचारले, तू नक्की करतोस काय? "बॅलन्स बघतो, काका. बंदुकांना न्याय देतो."

मग माझ्याकडच्या जुन्या गुणपत्रकाच्या पाठीवर त्याने आकडेमोड मांडली. ती इथे उतरवून ठेवतो, कारण इतका स्वच्छ हिशेब मी कबड्डीतही पाहिलेला नाही.

खेळाडूचा जीव १००. बंदुकीची एक गोळी २५ घेते आणि बंदूक सेकंदाला दहा गोळ्या झाडते. म्हणजे चार गोळ्यांत माणूस संपला. पहिली गोळी शून्याला सुटली असे धरले तर चौथी लागते ०.३ सेकंदाला. आता लोक ओरडायला लागले की ही बंदूक फार जड आहे. तुम्ही म्हणालात, ठीक आहे, एकच गुण कमी करू, पंचविसाचे चोवीस. चार गोळ्यांचे होतात ९६. माणूस उभाच. पाचवी गोळी हवी, ती लागते ०.४ सेकंदाला. कपात शेकडा चार आणि मारायला लागणारा वेळ वाढला एक तृतीयांशाने.

उलट बाजूने पाहा. पंचविसाचे तेहतीस केले तरी चारच गोळ्या लागतात. आठ गुण वाढवूनही पूर्ण जीव असलेल्या माणसापुढे बंदूक होती तिथेच. नववा गुण वाढवला, ३४ केले, की तीन गोळ्यांत खेळ खलास. "पायऱ्या आहेत, काका. उतार नाही."

मी म्हटले, आणि चिलखत घातले असेल तर? तो खूश झाला. शेकडा तीस मारा अडवणारे चिलखत असेल तर पंचविसाचे उरतात साडेसतरा, चोवीसचे १६.८. दोन्हीकडे सहाच गोळ्या. म्हणजे जाड चिलखतवाल्यासमोर ही कपात झालीच नाही! आणि शेकडा वीसवाले असेल तर पाचाच्या सहा होतात, म्हणजे झाली. एकच आकडा बदललेला. कुणाला तो टोचणार, कुणाला कळणारही नाही आणि कुणाचा त्याने जीव वाचणार.

कमी केले की पोरे त्याला 'नर्फ' म्हणतात, वाढवले की 'बफ'. फार भारी झालेली वस्तू 'ओपी'. सध्या जी हत्यारे चलतीत आहेत तो 'मेटा'. हे शब्द मला शाळेच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षे ऐकू येत होते. मला ती शिवी वाटायची.


बुधवार, २७ ऑगस्ट, पोलादपूर तालुका

गणपती बसले. आमची वाडी पोलादपूरहून कापड्याच्या बाजूला, वर. मुंबईकर सगळे आले, घर भरले. मोदक, आरत्या आणि पाऊस.

दुपारी कळले की पुतण्या 'त्या गेमवाला' आहे ही बातमी आमच्या आधी वाडीत पोहोचली होती. आरतीला एरवी मागे रेंगाळणारी पोरे आज पुढे उभी. या पोरांचे पंचांगच वेगळे आहे. पबजीवर बंदी आली ती २ सप्टेंबर २०२०. त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला २ जुलै २०२१ ला, आणि त्याच महिन्यात २२ तारखेला महाडात पूर आला, तळियेत दरड कोसळली. फ्री फायर गेला १४ फेब्रुवारी २०२२. बीजीएमआय ॲपच्या दुकानातून उतरवला २८ जुलै २०२२ ला आणि परतला २९ मे २०२३ ला. एका पोराने हे सगळे मला तोंडपाठ म्हणून दाखवले. इतिहासात त्याला किती गुण पडतात ते विचारले नाही.


गुरुवार, २८ ऑगस्ट

ऋषिपंचमी. भाजी खाऊन पडवीत बैठक. दहावी-अकरावीची पोरे, दोन कॉलेजातली, एक मुंबईहून आलेला रिक्षावाला आणि माझी चुलतनात.

विषय एकच, 'फटाकडी'. खेळातल्या एका छोट्या, भराभर गोळ्या टाकणाऱ्या बंदुकीला वाडीने दिलेले हे नाव. पुढच्या अपडेटमध्ये तिचाच पंचविसाचे चोवीस असा नर्फ होणार असल्याचे त्यांना आधीच कळले होते. चाचणी आवृत्तीचे व्हिडिओ फिरत होते म्हणे.

"दादा, फटाकडी फुसकी केलीत ना, तर आम्ही गेम उडवणार."

"सगळेच तीच बंदूक घेतात रे. मग बाकीच्या कशाला बनवल्या आम्ही?"

"सगळे घेतात कारण दुसरी चालतच नाही."

पुतण्याची पद्धत मला आवडली. काय बदलू, असे त्याने कुणालाच विचारले नाही. त्याने विचारले, "काल शेवटचा कशाने मेलास? त्याआधीच्या पाच सेकंदांत काय झालं?" आणि लिहून घेत गेला. त्याच्या धंद्यात एक समजूत आहे की कुठे दुखते ते खेळाडूला बरोबर कळते, औषध मात्र तो चुकीचे सांगतो. मी पंचगिरी केलेली असल्याने मला हे निम्मेच पटते. औषध चुकीचे सांगतात ते बहुधा हरलेले. जिंकलेला खेळाडू खोड कुठे आहे ते नेमके जाणून असतो, फक्त सांगत नाही.

कॉलेजातल्या एकाने खरी गोष्ट काढली. त्याने स्वतःचा फोन पुढे केला. काचेला आडवा तडा गेलेला, थोरल्या भावाकडून आलेला. "यात तीस फ्रेमच्या वर जात नाही. मोठी बंदूक उचलली की नेम उड्या मारतो, तो सावरायला बोट फिरवतो तोपर्यंत चित्र पुढे गेलेलं असतं. फटाकडीला नेम लागत नाही. जवळ जायचं आणि दाबून धरायचं."

पुतण्याची पेन्सिल थांबली. तीस फ्रेम म्हणजे सेकंदाला तीस चित्रे. महागडा फोन साठ किंवा नव्वद दाखवतो. ज्याला नव्वद चित्रे दिसतात त्याला बंदुकीची उसळी तीन पायऱ्यांत दिसते, याला एकाच उडीत.

चुलतनात इतका वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, तिला बंदुकीचे काही नाही, ती माइक बंद ठेवून मुलाच्या नावाने खेळते, कारण आवाज ऐकला की लोक शिव्या तरी देतात नाही तर नंबर तरी मागतात. माइक बंद म्हणजे साथीदारांशी बोलता येत नाही, म्हणजे चौघांच्या संघात ती कायम एकटी. "हे पण बॅलन्समध्ये येतं का, दादा?" पुतण्या म्हणाला, आमच्याकडे तो वेगळा विभाग आहे. हे उत्तर मला आवडले नाही. तिलाही आवडले नसावे, ती उठून आत गेली.

रिक्षावाल्याची तक्रार वेगळीच. विकतच्या एका हिरव्या पोशाखात माणूस गवतात दिसतच नाही. पोशाखाने ताकद वाढत नाही असे कंपनी शपथेवर सांगते. लपणे ही ताकद नाही तर काय?


शुक्रवार, २९ ऑगस्ट

आज प्रो कबड्डीचा बारावा हंगाम विशाखापट्टणमला सुरू झाला. आरती लवकर उरकून सगळे टीव्हीसमोर. पुणेरी पलटण आणि बेंगळुरू बुल्स यांची बरोबरी झाली, आणि या वर्षीच्या नव्या नियमाप्रमाणे साखळी सामन्यातही टायब्रेकर. दोन्हीकडून पाच-पाच चढाया, सातही खेळाडू मैदानात, बाद कुणी होत नाही, फक्त गुण मोजायचे. निदान रेषा ओलांडली की बोनस. पलटण जिंकली. वाडी खूश, मी सोडून. बरोबरी हाही निकाल असतो.

पुतण्या म्हणाला, "काका, हाच तर नर्फ-बफ." मग रात्री बराच वेळ वाद झाला. तसा मीच बोलत होतो.

आमच्या खेळाचे तीन जुने प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी परत जिवंत होतो. गामिनीत बाद तो बाद, सगळा संघ संपेपर्यंत बाहेर. अमरमध्ये बाद झालेलाही मैदानातच राहतो, फक्त गुण धरायचा. १९२१ मध्ये महाराष्ट्रात संजीवनी आणि गामिनी यांची सांगड घालून नियमांची एक चौकट बांधली गेली. दोनच वर्षांनी, १९२३ मध्ये, त्यासाठी समिती बसली आणि नियम पुन्हा बदलले. पोरे ऐकत होती. एकाने विचारले, "म्हणजे रिव्हाइव्ह तेव्हापासून आहे?" आहे तर.

नंतरचे सगळे बदल त्यांना पाठच आहेत, फक्त ते का झाले हे कधी कुणी सांगितले नव्हते. पूर्वी चढाईला मोजमाप दमाचे. आघाडीवर असलेला संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढायचा आणि प्रेक्षक जांभया द्यायचे. म्हणून चढाईला तीस सेकंद, आणि दोन रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो. तीनच गडी उरलेला संघ लोण पत्करून, म्हणजे सगळे बाद होऊन, मोकळा व्हायचा. म्हणून तीन किंवा कमी जणांनी पकड केली तर एक गुण जादा, म्हणजे अव्वल पकड. दोन्ही बदल चांगलेच. पण त्यातून काय निघाले? पहिल्या दोन चढाया मुद्दाम रिकाम्या घालवून तिसऱ्यासाठी वेगळा चढाईपटू राखून ठेवायची चाल निघाली. समोर तीन गडी उरले की चांगला चढाईपटूही निदान रेषा जेमतेम ओलांडून परतायला लागला. नियम बदलला की चाल बदलते आणि नव्या चालीची तक्रार घेऊन लोक पुन्हा तुमच्याच दारात.

"आणि ते थांबत नाही," पुतण्या म्हणाला.

"नाही थांबत. थांबले तर खेळ मेला समज."

इथवर आमचे एकमत. पुढचे त्याला टोचले असावे. कबड्डीत सर्वांत मोठा बदल नियमांच्या पुस्तकात झालाच नाही. खेळ मातीवरून मॅटवर गेला, तो खरा बदल. मैदान तेच, तेरा बाय दहा मीटर, गडी सात, लोणाचे गुण दोन. पण मातीत घट्ट रुतणारा पाय मॅटवर वेगळा वागतो. बूट लागतात, घसरून घेतलेला बोनस वेगळा लागतो. ज्यांच्याकडे मॅट होती त्यांची पोरे पुढे गेली. आमच्या पोरांना मॅट पहिल्यांदा दिसायची ती थेट जिल्ह्याच्या निवड चाचणीला. वाडीच्या मंडळाला मॅट परवडत नाही, आजही नाही. तेव्हा रायगडातल्या खेड्यांना कुणी येऊन विचारले नव्हते की तुम्ही कशावर खेळता.

"तडा गेलेला फोन ही यांची माती आहे," मी म्हटले. तो काही बोलला नाही.


रविवार, ३१ ऑगस्ट

गौरी आल्या. बायका कामात, म्हणून पुरुष रिकामे.

पोरांबरोबर देवळाच्या पारावर गेलो. वाडीत रेंज धरते अशी ही एकच जागा. खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात पिंग दिसतो, म्हणजे फोनने पाठवलेला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. पारावर साठ-सत्तर. घराच्या पडवीत एकशे ऐंशी, पावसाची सर आली की त्याहून वाईट.

पोरांचा समज असा की सर्व्हर सिंगापूरला आहे म्हणून असे होते. पुतण्याने हिशेब करून दाखवला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन दोन हजारांशसुद्धा नाहीत. मुंबईहून सिंगापूर जवळपास चार हजार किलोमीटर, तरी जाऊन-येऊन चाळीसच. त्यांचा सर्व्हर तर मुंबईतच आहे. मग उरलेला उशीर कुठला? फोन ते टॉवर आणि टॉवर ते पुढची तार. डोंगर, पाऊस, आणि गणपतीला एकदम वाढलेली माणसे.

मग अशा वेळी न्याय कसा करता? तो म्हणाला, सर्व्हर काळ मागे फिरवतो. तुझी गोळी उशिरा पोहोचली तरी तू झाडलीस तेव्हा तुला समोर काय दिसत होते ते तो तपासतो आणि त्याप्रमाणे निकाल देतो. म्हणूनच कधी कधी तू भिंतीआड पोहोचलेला असतोस आणि तरी मरतोस. मारणाऱ्याला तू अजून बाहेर दिसत होतास. पोरांनी एकदम गिल्ला केला. रोज होणारा अन्याय कुणाच्या तरी सोयीसाठी मुद्दाम बांधलेला नियम निघाला! मला मात्र तो पटला. मोकळ्या कोपऱ्यावरून जो अचानक बाहेर येतो त्याला यात थोडा फायदा मिळतो, आणि पिंग जितका जास्त तितका तो फायदा मोठा. म्हणूनच वाडीतली पोरे दबा धरून बसत नाहीत, अंगावर धावून जातात. बाहेरून बघणाऱ्याला ती अडाणी चाल वाटेल. यांच्या रेंजवर तीच शहाणी.

रात्री हिशेब सुचला, तो मांडून ठेवतो. पंचविसाचे चोवीस केल्याने मारायला ०.१ सेकंद जास्त लागणार. पडवीतला पिंग ०.१८ सेकंद. ज्या फरकावरून पुण्यात महिनाभर बैठका चालतात, त्याहून मोठा फरक आमच्या पडवीत आणि पारात आहे.


सोमवार, १ सप्टेंबर

गौरीपूजन. दुपारी जेवणावर आडवा हात मारून झोप, मग चहाबरोबर पुन्हा तोच विषय. काकूने (म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी) सांगून टाकले की आता बंदुकीचे नाव काढाल तर चहा मिळणार नाही. आम्ही अंगणात गेलो.

पुतण्याने सांगितलेले दोन दाखले. 'लीग ऑफ लेजंड्स' बनवणाऱ्या अमेरिकेतल्या रायट कंपनीने २०१९ मध्ये आपली मोजपट्टी जाहीर करून टाकली. खेळाडूंचे चार गट केले: सर्वसाधारण, म्हणजे खालचे नव्वद टक्के, वरचे दहा टक्के कुशल, वरचा हजारातला एक, तो निष्णात, आणि व्यावसायिक. या चारांपैकी कुठल्याही एका गटात एखादे पात्र फार भारी ठरले तर त्याला खाली आणायचे. मात्र चारही गटांत दुबळे निघाले तरच वर उचलायचे. कंपनी कुणाची बाजू घेते ते यात आधीच सांगितलेले आहे, आणि मला ते आवडले.

दुसरा दाखला फिनलंडचा. सुपरसेलचा 'क्लॅश रॉयल' २ मार्च २०१६ ला जगभर आला. त्यातल्या रॉयल जायंट नावाच्या पत्त्याने लोकांचा अंत पाहिला. मोठ्या स्पर्धांत सगळ्यांचे पत्ते समान पातळीवर असतात, तिथे त्याला फारसे कुणी विचारत नसे. पण रोजच्या खेळात तो साधा पत्ता, सहज मिळणारा, म्हणून भराभर वाढवता येणारा. तिथे तो सगळ्यांना तुडवायचा. एकच पत्ता वर दुबळा आणि खाली राक्षस. मग तो ओपी की नाही? दोन्ही.

पण रायटच्या चार गटांवर माझा एक आक्षेप आहे. खालचे नव्वद टक्के हे एकच पोते कसे? कसब नसलेला आणि फोन नसलेला, हे दोघे त्यात शेजारी शेजारी भरलेत. आमचा तडा गेलेल्या फोनवाला मुलगा कसबात वरच्या दहात असेल, आकड्यांत मात्र तो नव्वदात दिसतो, कारण त्याचा फोन नव्वदातला आहे. पुण्यात बसून जिंकण्याचे प्रमाण बघणाऱ्याला हे दिसायचे नाही. शिवाय खेळ तुम्हाला तुमच्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी जुळवून देतो, त्यामुळे सगळेच निम्मे जिंकतात आणि निम्मे हरतात. हत्याराने किंवा फोनने झालेला तोटा जय-पराजयात उरतच नाही, तो क्रमवारीत मुरतो. मुलगा दोन पायऱ्या खाली जाऊन तिथे निम्मे सामने जिंकत बसतो. कागदावर सगळे समतोल!

हे ऐकून पुतण्याने पुण्याला फोन लावला. फटाकडीचे आकडे फोनच्या फ्रेमप्रमाणे वेगळे काढा म्हणाला. पलीकडून कुणीतरी म्हणाले, सुट्टीवर आहेस ना?


बुधवार, ३ सप्टेंबर, महाड

काल गौरी-गणपती गेले. आज आम्ही महाडला उतरलो; पुतण्या संध्याकाळच्या गाडीने पुण्याला जाणार.

जाण्यापूर्वी त्याने घरूनच कामाची बैठक घेतली, व्हिडिओवर. कंपनीचे तिघे आणि निरनिराळ्या गावांतले निवडक खेळाडू. वाडीतल्या त्या कॉलेजातल्या मुलाला त्याने आमच्या घरी बसवून घेतले. मी मागे पेपर वाचण्याचे सोंग करून बसलो.

सुरुवात वाईट झाली. कंपनीचा एक जण आलेख दाखवू लागला, फटाकडीचा वापर एवढा, एवढा. नाशिकचा एक मुलगा मध्येच म्हणाला, "सर, आलेख आम्हाला पण काढता येतो." सगळे हसले आणि मग बोलणे मोकळे झाले. इंदूरकडचा एक वैतागलेला खेळाडू म्हणत होता की फटाकडी आणखी कमी करा, तिच्यामुळे नेमबाजी शिकण्यात काही अर्थ उरला नाही. त्याचा फोन नव्वद फ्रेमचा. आमच्या मुलाने त्याला थेट विचारले, "दादा, माझ्या फोनवर एक मॅच खेळून बघाल का?" तो माणूस प्रामाणिक असावा. म्हणाला, नको रे.

त्या आलेखावरून मला २०१७ च्या नोव्हेंबरातली गोष्ट आठवली, पुतण्याकडूनच ऐकलेली. ईए कंपनीच्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू'मध्ये डार्थ व्हेडरसारखे पात्र मिळवायला साठ हजार नाणी लागत, म्हणजे तासन्‌ तास खेळणे. खेळाडू चिडले. कंपनीने उत्तर दिले की मेहनतीने मिळवल्याचा अभिमान वाटावा म्हणून असे केले आहे. त्या उत्तरावर सहा लाखांहून अधिक लोकांनी नापसंती नोंदवली आणि आकडा लगोलग पंधरा हजारांवर आणावा लागला. लोक आकड्यावर रागावले होते हे खरे. पण भडकले ते उत्तरावर. पंचालाही हे ठाऊक असते: चुकीचा निर्णय प्रेक्षक एक वेळ गिळतात, वरून शहाणपण शिकवले की खुर्च्या येतात.

पुण्यात सगळेच आलेख दाखवून थांबतात असे नाही. सुपरगेमिंग ही पुण्याचीच कंपनी. त्यांचा 'मास्कगन' कोट्यवधी फोनांत गेलेला. 'इंडस' हा त्यांचा खेळ १६ ऑक्टोबर २०२४ ला अँड्रॉइडवर खुला झाला, पण त्याआधी खेळाडूंना बोलावून त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. या खेळात कॉस्मियम नावाचे एक द्रव्य हाती लागले तर शेवटपर्यंत जिवंत राहण्याशिवायही जिंकता येते. असा नियम कागदावर चटकन सुचतो. त्याने कोण लपून बसेल आणि कोण धावेल, हे खेळवून बघितल्याशिवाय कळत नाही.

बैठकीत शेवटी ठरले काय? त्या दिवशी काहीच नाही. पुतण्याच्या साहेबांनी एवढे मात्र कबूल केले की बदल करताना आकड्याबरोबर कारणही छापू, आणि मराठीत, हिंदीतही छापू. आमच्या मुलाचा चेहरा उतरला होता. त्याला निकाल हवा होता. मी म्हटले, अरे, १९२१ चे नियम १९२३ मध्ये बदलले. तुला तर दोन तासांत हवेत.

"सर, दोन वर्षांत हा गेम राहील का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमचा खेळ कंपनीचा नाही, बंद करायला कुणाकडे बटण नाही.


रविवार, ७ सप्टेंबर, महाड

पुतण्याचा फोन. आकडे वेगळे काढले. तीस फ्रेमच्या फोनांवर फटाकडीचा वापर फार मोठा, पण ती घेऊन ते वर चढत नाहीत, कसेबसे टिकून राहतात. महागड्या फोनांवर वापर कमी, पण जे वापरतात ते तिच्या जोरावर धुमाकूळ घालतात, कारण उसळी ताब्यात ठेवून ती लांबूनही मारता येते. म्हणजे इंदूरवाल्याचेही खरे आणि आमच्या मुलाचेही.

म्हणून आता पंचवीस तसेच ठेवायचे आणि लांबचा मारा कमी करायचा, असा विचार आहे. जवळून दाबून धरणाऱ्याला धक्का नाही, लांबून टिपणाऱ्याला आहे. अजून पक्के नाही. साहेबांपैकी एकाला चोवीसच हवे आहेत. हिरव्या पोशाखाबद्दल कुणी बोलायलाच तयार नाही, तो फार खपतो. माइकचा प्रश्न त्या वेगळ्या विभागाकडे पाठवला आहे. चुलतनातीला हे कळवायचे की नाही, असे तो मला विचारत होता. कळव म्हटले, आणि उत्तर आले नाही तर तेही कळव.

पुण्या-मुंबईत असले खेळ बनवणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. चाचणीला खेळाडू बोलावता तेव्हा तुम्ही त्यांना तुमचे फोन, तुमचे वायफाय आणि तुमचा थंडगार हॉल देता. एकदा पावसाळ्यात पोलादपूरला या. ताम्हिणीने माणगाव, तिथून महाड, पुढे अर्धा तास. पोरांचेच फोन घ्या आणि पारावर नाही, पडवीत बसून खेळा. जेवणाची सोय आमच्याकडे.